साबुदाण्याच्या खळीबद्दल आभार

ताई, स. न. वि. वि.

वयानं तुम्ही माझ्या लेकीएवढ्या, पण वर्गात सगळे ताई म्हणतात म्हणून मीही तेच म्हणतो. तोंडावर आभार मानायला मला जमत नाही, म्हणून हे पत्र, सगळ्यांना वाचता येईल असं.

बायको गेल्यावर आठ महिने मी नुसता बसून होतो. तिचं कांड्या भरायचं मशीन कोपऱ्यात तसंच. शेवटी सुनेनं एका रविवारी इथं सोलापुरात पूर्व भागातल्या समाजमंदिरात, तुमच्या कापडचित्रांच्या वर्गात, आणून बसवलं. समोर दहा-बारा बायका, कात्र्या, फेव्हिकॉल आणि आफ्रिकेतली कापडं. मनात म्हटलं, जन्मभर चादरी विणल्या, आता चिंध्या चिकटवायच्याच राहिल्या होत्या!

मग तुम्ही घानाचं केंटे हातात दिलंत. चार बोटं रुंदीच्या पट्ट्या हातमागावर विणायच्या आणि एकमेकींना जोडून अख्खं वस्त्र करायचं. मी ते आधी उलटं करून पाहिलं, तुम्ही हसलात. मागावरचा माणूस उलटी बाजूच आधी बघतो, ताई.

पण माझं मन लागलं ते आदिरेत. नायजेरियातल्या योरुबा बायका कसाव्याची खळ शिजवून कोंबडीच्या पिसानं कापडावर नक्षी काढतात आणि कापड निळीत बुडवतात. खळ असेल तिथं रंग चढत नाही. सोलापुरात कसावा कुठला? तुम्ही म्हणालात, साबुदाणा त्याच कंदाचा. इतकी वर्षं उपासाला खातोय, पत्ताच नाही! खळ मात्र ओळखीची. लहानपणी वडिलांच्या हातमागाच्या ताण्याला मीच लावायचो, सूत तुटू नये म्हणून.

तरी पहिली खेप फसलीच. तुरटी घालून शिजवलेली खळ फार घट्ट झाली, वाळल्यावर तडकली आणि भेगांतून निळा रंग आत शिरला. मी फडकं फेकणार होतो. कारखान्यात असला माल सेकंडात जायचा, मजुरी कापली जायची. तुम्ही म्हणालात, "काका, त्या रेषा राहू द्या." ते फडकं जकार्डच्या, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या भोकाभोकांच्या, जुन्या कार्डांवर चिकटवलं आणि कार्डांच्या भोकांतून बायकोच्या हिरव्या लुगड्याचे दोरे ओवले. दोन रविवार त्यातच गेले.

बीपीची गोळी चालूच आहे, पहाटे तीनला जागही येते. चित्रं करून दुःख जातं असं कुणी म्हणालं तर मी मानणार नाही. पण शनिवारी रात्री साबुदाणा भिजत घालायचं विसरत नाही. मन कसं आहे, असं तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. "काका, खळ एवढी पातळ चालेल का?" एवढंच विचारत राहिलात. त्याबद्दल फार आभार.

तुमचा कांगा, ते पूर्व आफ्रिकेतलं म्हण छापलेलं कापड, माझ्याकडे राहिलाय. त्यावरची ती स्वाहिली म्हण, 'हराका हराका हैना बराका', घाईत बरकत नाही, नातीला पाठ झाली आहे. बरकत त्यांचीही तीच! धुऊन घडी घातलाय, रविवारी आणतो. एका बंद पडलेल्या कारखान्यातली पोतंभर कार्डं मिळतायत. हवी असतील तर सुनेच्या फोनवर कळवा, रिक्षा सांगावी लागेल.

आपला,
वर्गातले काका