कुर्डुवाडीच्या मालधक्क्याची निदान नोंद तरी व्हावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या कुर्डुवाडी स्थानकाजवळच्या पडीक जागेची साफसफाई झाली आणि अरुंद रुळांवरच्या छोट्या गाडीच्या काळातला, कडेला तिरपा रोवलेला एक अंतराचा दगड भरावाच्या ढिगात गेला. विचारणा केली तेव्हा काम करणाऱ्यांनी सांगितले की, त्यांच्या कागदावर अशा दगडाचा उल्लेखच नाही. त्यांना दोष देता येत नाही, कारण अशी यादी कोणी केलेलीच नाही. आणि त्याचसाठी हे पत्र लिहीत आहे.

कुर्डुवाडी वाढली ती स्थानकामुळे. मुंबई-सोलापूर लोहमार्ग १८५९-६० च्या सुमारास इथून गेला तेव्हा स्थानकाला नाव मिळाले ते ‘बार्शी रोड’, कारण कापसाची आणि धान्याची पेठ बार्शीत होती आणि मुख्य मार्ग तिथून सुमारे ३५ किलोमीटर लांब राहिला होता. हे अंतर जोडण्यासाठी एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने अडीच फूट रुंदीचा मार्ग आखला आणि १८९७ मध्ये ‘बार्शी लाइट रेल्वे’ धावू लागली. डब्याचा आणि इंजिनाचा भार प्रत्येक आसावर पाच टनांपेक्षा जास्त पडू द्यायचा नाही, म्हणजे दर यार्ड (तीन फूट) लांबीला अवघ्या ३० पौंड वजनाचा हलका, स्वस्त रूळ पुरतो, हा त्याचा हिशेब होता. तो इतका नेमका ठरला की पुढे १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये लातूर आणि १९२७ मध्ये मिरज असा हा मार्ग सव्वातीनशे किलोमीटरपर्यंत वाढला. १९५४ मध्ये सरकारने तो विकत घेतला.

मात्र या इतिहासाची जी बाजू गावाने अंगावर झेलली ती मालधक्क्यावरची. दोन रुंदींचे रूळ जिथे भेटतात तिथे प्रत्येक पोते एका डब्यातून दुसऱ्यात माणसाच्या पाठीवरूनच जाते. लातूर-बार्शीकडचा माल छोट्या गाडीतून उतरवून मोठ्या गाडीत भरायचा, मुंबईकडून आलेला उलट दिशेने, आणि मधे तोलाईसाठी काटा. माझे वडील त्या काट्यावर होते. पावसात भिजलेली रुईची गाठ एकट्याने उचलू पाहणारा हमाल दुसऱ्या दिवशी कामावर येत नसे, एवढेच ते सांगत. पुढचे सांगत नसत. आषाढीला हेच मालाचे डबे झाडून वारकऱ्यांसाठी लावले जात, ही आठवणही त्यांचीच. धक्क्याच्या कडेच्या दगडांना ज्या उतरत्या खाचा पडल्या आहेत त्या हातगाड्यांच्या लोखंडी धावांनी पडल्या आहेत, आणि पावसाळ्यात त्यांत पाणी साचले की आजही ओळीने स्पष्ट दिसतात.

२००१ पासून टप्प्याटप्प्याने या लोहमार्गाचे रुंद मार्गात रूपांतर झाले व मिरजेपर्यंतचे काम २०१० च्या सुमारास पुरे झाले. त्याबद्दल तक्रार नाही. पंढरपूरला जाताना गाडी बदलण्याचा ताप गेला, ज्यांनी तो सोसला त्यांना छोट्या गाडीचे गोडवे गाणाऱ्यांचा राग येतो, आणि तो रास्तही आहे. प्रश्न गाडी परत आणण्याचा नाही. याच कॅलथ्रॉपने इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशायर परगण्यात १९०४ साली याच रुंदीचा एक लहानसा मार्ग उभारला. तो १९३४ मध्ये बंद झाला, रूळ उखडले गेले, पण मार्गाची जागा पायवाट म्हणून राखली गेली आणि लोक आजही तीवरून चालतात. तिथल्या तेरा-चौदा किलोमीटरांना ही जागा मिळाली, आणि आमच्या सव्वातीनशे किलोमीटरांच्या वाट्याला एक फलकही नाही.

रेल्वे आणि नगरपरिषद यांनी मिळून, स्थानक परिसरात पुढचे कोणतेही काम काढण्यापूर्वी, जुना मालधक्का, उरलेली दगडी बांधकामे आणि अंतराचे दगड यांची मापे व छायाचित्रे घेऊन यादी करावी. छोट्या गाडीवर काम केलेले जे वृद्ध अजून आपल्यात आहेत, विशेषतः वाफेच्या इंजिनांवरचे, त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करावे; हे काम वर्षभर पुढे ढकलणेही परवडणारे नाही. धक्क्याचा खाचांचा तुकडा आहे तसा राहू द्यावा व त्याशेजारी ‘बार्शी रोड’ या जुन्या नावासह मराठी फलक लावावा. जुने इंजिन रंगवून चौथऱ्यावर चढवण्याची हौस सगळीकडेच असते. त्यापेक्षा हा खर्च फारच कमी आहे.

आमच्या पडवीच्या छपराला आडवा घातलेला छोट्या गाडीच्या रुळाचा साडेचार फुटांचा तुकडा आहे. वडिलांनी तो भंगाराच्या लिलावातून घेतला होता, त्याची पावतीही जपून ठेवलेली आहे. ठेवायला जागा ठरली की तो काढून स्वखर्चाने पोचता करीन. छपराला दुसरी तुळई लावता येईल.

आपला विश्वासू,
एक वाचक, कुर्डुवाडी (ता. माढा, जि. सोलापूर)