पांगुळगाडा वेगळा, वॉकर वेगळा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात माझ्या नऊ महिन्यांच्या नातवाच्या कपाळाला तीन टाके पडले. तो गोल वॉकरमध्ये बसून सोप्यात फिरत होता. मी तिथेच सुपात तांदूळ निवडत होते, सून दाराशी उभी होती. खानापूर तालुक्यातली जुनी घरे आपल्या वाचकांना ठाऊक आहेत: जोते उंच, सोप्याला कठडा नाही, अंगणात उतरायला तीन पायऱ्या. ‘अगे धर गे त्याला’ असे मी म्हणेपर्यंत तो वॉकरसकट खाली गेला होता. दोघी चार हातांवर होतो, तरी पोचलो नाही. टाके घालताना डॉक्टर म्हणाले, अशा वॉकरमधले मूल एका सेकंदात मीटरभर पुढे जाते, जवळ बसून राखण करण्याचा उपयोग नाही. तेव्हापासून हे पत्र लिहायचे मनात होते.

बाजारात ‘वॉकर’ या एकाच नावाने दोन वस्तू मिळतात. एकात गोल चौकट, मधे कापडी बैठक आणि खाली चाके. मूल त्यात अडकवल्यासारखे बसते आणि बोटांनी जमीन रेटते. दुसऱ्यात बसायचे नसते. मूल स्वतःच्या पायांवर मागे उभे राहून दांडा धरून ढकलते. म्हणजे आपला पांगुळगाडाच. आमच्या माळ्यावर अजून एक आहे, माझ्या सासऱ्यांनी सुताराकडून करून घेतलेला. दुकानात मी फरक विचारला, तर उत्तर मिळाले, ‘सगळी पोरं ह्यातूनच चालायला शिकत्यात की ओ आज्जी.’

तसे ती शिकत नाहीत. गोल वॉकरमध्ये मुलाला स्वतःची पावले दिसत नाहीत, तोल सांभाळावा लागत नाही, टाच टेकत नाही. बसणे, धरून उठणे, पुन्हा बुडावर आपटणे यातूनच चालणे येते आणि नेमके तेच तिथे बंद होते. कॅनडाने एप्रिल २००४ मध्ये हे वॉकर विकण्यावर, आयात करण्यावर आणि त्यांची जाहिरात करण्यावर बंदी घातली. तिथे जुना वॉकरही विकता येत नाही. अमेरिकेत १९९० ते २०१४ या काळात दोन लाख तीस हजारांहून अधिक बाळांना वॉकरच्या दुखापतीमुळे इस्पितळात न्यावे लागले. त्यातल्या नव्वद टक्क्यांहून अधिक दुखापती डोक्याला-मानेला होत्या आणि जवळजवळ तीन चतुर्थांश मुले जिन्यावरून पडली होती.

पांगुळगाड्यानेही मूल लवकर चालते असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली दिलेल्या मापाप्रमाणे निरोगी मूल आठव्या महिन्यापासून साडेसतराव्या महिन्यापर्यंत केव्हाही एकटे चालू लागते. शेजारचे अकराव्या महिन्यात चालले म्हणून आपल्या सुनेला बोल लावू नये. दीड वर्ष झाले तरी चालत नसेल तर मात्र डॉक्टरांना दाखवावे. मूल स्वतः काहीतरी धरून उठते, भिंतीच्या कडेने सरकते, तेव्हाच त्याच्या हातात गाडा द्यावा.

घेताना काय बघायचे ते मी आता शिकले आहे. बूड रुंद आणि जड हवे. दांड्याला मुलाएवढा जोर लावून आपल्याकडे खाली ओढून बघावे. गाडा उलटला तर घेऊ नये, कारण मूल उठताना तेच करते. माळ्यावरचा आमचा गाडा सुबक आहे, पण तीन चाकी आणि अरुंद, वळताना कलतो. म्हणून आठवण म्हणून जपला, वापरायला काढला नाही. चाके सुळकन पळणारी नकोत. रबराची धाव असलेली, शक्यतो घट्ट करता येणारी हवीत. नव्या गाड्यावर पुढे खोके होते, त्यात आम्ही दोन किलो वाळूची शिवलेली पिशवी ठेवली, तेव्हा त्याचा वेग उतरला. दांडा मुलाच्या कमरेच्या वर, छातीच्या खाली असावा. दुकानातल्या वस्तूवर आयएसआय चिन्ह बघावे. खेळण्यांना ते १ जानेवारी २०२१ पासून सक्तीचे आहे. सुताराकडून करून घेतला तर कुसळ राहिलेले नाही ना, यासाठी हात फिरवून बघावा. रंग न लावलेलाच बरा, कारण दात येणारे मूल दांडा चावणारच.

गाणी वाजवणारा गाडा असेल तर बॅटरीच्या झाकणाला स्क्रू आहे का, हे आधी पाहावे. बटणासारखी चपटी बॅटरी मुलाने गिळली तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. अशा वेळी घरगुती उपाय करत बसू नये, थेट मोठे इस्पितळ गाठावे.

पाय उघडे असावेत, फरशीवर मोजे घसरतात. आमच्याकडे पावसाळ्यात फरशीला ओल सुटते, त्या दिवसांत गाडा बाहेर काढूच नये. सोप्याच्या तोंडाशी आम्ही आडवी फळी ठोकून घेतली. उभे राहिलेल्या मुलाचा हात चहाच्या कपापर्यंत आणि न्हाणीतल्या भरल्या बादलीपर्यंत पोचतो, तेही आवरावे लागते.

माझी विनंती अशी की, आपल्या पत्राने बेळगावातल्या एखाद्या बालरोगतज्ज्ञाकडून यावर सविस्तर लिहून घ्यावे. अंगणवाडीतल्या ताईंनीही आयांना हा फरक सांगावा. खोक्यावरच्या सूचना इंग्रजीत असतात. दुकानदारांनी निदान ‘बसायचा’ आणि ‘ढकलायचा’ अशा दोन चिठ्ठ्या मराठीत आणि कन्नडमध्ये लावाव्यात.

आमचा गोल वॉकर बारशाला आहेरात आला होता. शेजारणीने तो तिच्या नातीसाठी मागितला. मी दिला नाही. चाके काढली, चौकट मोडली आणि मगच भंगारवाल्याच्या हवाली केली.

आपली,
एक आजी, खानापूर तालुका