लाल शिडाची घडी घालणाऱ्या काकांना

प्रिय काका,

सप्रेम नमस्कार.

तुमचे आभार मानायचे राहून गेले. आमच्या जुन्या होडीचे सांधे तुम्ही सोडवलेत त्या दिवशी तोंड उघडलं असतं तर रडूच फुटलं असतं, म्हणून नुसती मान हलवली. हे पत्र चारचौघांना वाचता येईल असं लिहितेय, कारण तुमच्याआधी जी माणसं भेटली त्यांच्याबद्दलही मनात बरंच साचलंय. तुमचं नाव मात्र घालत नाही. ते तुम्हाला रुचणार नाही, एवढं तुम्हाला ओळखते.

ज्यांनी आमची होडी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. ती मिरर जातीची. अवघी ३.३ मीटर लांब, नाळेशी, म्हणजे पुढच्या टोकाशी, छाटल्यासारखी बसकी, लालभडक शिडांची. ही जात १९६३ साली इंग्लंडमध्ये आली. होड्यांचे आराखडे काढण्यात नाव कमावलेले जॅक होल्ट आणि टीव्हीवर लोकांना घरच्या घरी सुतारकाम शिकवणारे बॅरी बकनेल, या दोघांनी मिळून ती घडवली. पाठीशी 'डेली मिरर' हे वर्तमानपत्र होतं, नावही त्यावरूनच पडलं. शिडाची होडी ही पैसेवाल्यांचीच चैन राहू नये, हाताला थोडी सवय असलेल्या कुणालाही ती आपल्या आवारात बांधता यावी, यासाठी हा सगळा खटाटोप. प्लायवूडचे कापून आलेले तुकडे तांब्याच्या तारेनं एकमेकांना शिवायचे आणि सांध्यांवर फायबरग्लासची पट्टी रेझिननं चिकटवायची. अशा सत्तर हजारांहून जास्त होड्या बांधल्या गेल्या. त्यातलीच एक आमची. कुणा अनोळखी माणसानं बांधलेली आणि आमच्याकडे जुनी म्हणून आलेली.

तिच्यात बसून मी वारा ओळखायला शिकले. गालाला लागतो तो कुठून येतोय, समोरून पाण्यावर काळपट लहरींचा पट्टा सरकत येतोय म्हणजे आता झोत येणार, मग अंग बाहेर काढायचं, दोर हातातून थोडा सुटू द्यायचा. मोठ्या होडीत असल्या गोष्टी उशिरा जाणवतात. दोन माणसांना उचलता येईल एवढ्या वजनाच्या होडीत शीड जरा जास्त ओढलं की ती तिथल्या तिथे सांगते. माझ्या लेकीनं सुकाणू पहिल्यांदा धरलं ते तिच्यातच. सुरुवातीला दर वळणाला मागं वळून माझ्याकडे बघायची. मग एक दिवस बघेनाशी झाली.

आणि मग ती सडायला लागली. डॅगरबोर्डच्या, म्हणजे होडी आडवी सरकू नये म्हणून तळातून पाण्यात सोडायच्या फळीच्या, पेटीभोवतीचं लाकूड काळं पडलं, हवेच्या बंद कप्प्यांत पाणी शिरायला लागलं.

पहिला कारागीर मोठ्या नावाचा होता. त्यानं कुजक्या लाकडावर लांबी भरली, वरून झकास रंग दिला, पैसे मोजून घेतले आणि काही महिन्यांत त्या रंगाला फोड आले. विचारलं तर म्हणाला, जुन्या वस्तूंचं असंच असतं. दुसऱ्यानं 'बघतो, बघतो' करत झुलवत ठेवलं. तोवर ती उघड्यावर पडून होती. जिथं ठेवली होती तिथल्या कारभाऱ्यांना जागा हवी होती, त्यांनी निरोप धाडला की ते भंगार उचला. भंगार! आणखी एक गृहस्थ आले, त्यांना फक्त डोलकाठी हवी होती आणि तीही फुकटात. बाकीच्याचं काय करू म्हटल्यावर म्हणाले, "पेटवून द्या की, लाकूडच तर आहे." हे वाक्य अजून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. कुणाशी भांडावं असं वाटलं नाही, पण त्या रात्री मी जेवले नाही.

मग तुम्ही आलात. दराचं बोलणं नंतर. आधी गुडघे टेकलेत आणि बोटाच्या पेरांनी तिचा तळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ठोकत गेलात. चांगल्या लाकडाचा आवाज टणक यायचा, मध्येच कुठं तरी बद्द व्हायचा. तिथं तुम्ही स्क्रूड्रायव्हर नुसता टेकवलात आणि तो आत गेला. मग माझ्याकडे बघून म्हणालात, "ताई, ही आता पाण्यात घालण्याजोगी राहिली नाही. दुरुस्त करतो म्हणालो तर मी तुम्हाला फसवीन."

इतक्या जणांना दाखवून झाल्यावर खरं बोलणारा पहिला माणूस भेटला होता. वाईट तर वाटलंच, पण त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटलं.

आणि तुम्ही कारणही समजावून सांगितलंत, ते कुणी केलं नव्हतं. मला वाटायचं समुद्रानं तिला खाल्लं. तुम्ही म्हणालात, खारं पाणी लाकडाला तेवढं कुजवत नाही, मिठानं बुरशी आवरते. घात करतं ते पावसाचं गोडं पाणी. ते कोपऱ्यात साचतं, प्लायवूडच्या कापलेल्या कडेतून आत शोषलं जातं, आणि वर रंगाचा जाड थर असला की बाहेर पडायला वाट राहत नाही. म्हणजे त्या पहिल्या महाशयांनी पैसे घेऊन तिचं मरणच जवळ आणलं होतं. तुम्ही त्यांच्याबद्दल एक शब्दही वाईट बोलला नाहीत. मी आत्ता बोलतेय.

जाळायलाही तुम्ही साफ नकार दिलात. जुन्या रंगाचा आणि रेझिनचा धूर माणसांच्या छातीत जातो, म्हणालात. एकेक सांधा सोडवत बसलात. पट्टी पटाशीनं उचलली तेव्हा आतून हिरवट पडलेल्या तांब्याच्या तारेचा पीळ दिसला. तो अंगठ्यानं पुसून तुम्ही मला दाखवलात: "हे बघा, कुणीतरी बसून एकेक पीळ दिलाय. हात चांगला होता माणसाचा." ज्यानं ती बांधली त्याचं नावही मला माहीत नाही. तुम्हाला मात्र त्याचं काम दिसलं.

पण काका, हे पत्र मी लिहितेय ते शिडासाठी.

मोठं शीड कामातून गेलं होतं. उन्हानं शिवण कुजलेली, मधोमध हातभर फाटलेलं. ते मी एका बाजूला ढीग करून टाकलं होतं. तुम्ही हात धुतलेत, पुसलेत, शीड उचलून जमिनीवर पसरलंत. शीड ताठ राहावं म्हणून आत घातलेल्या पट्ट्या एकेक करून काढल्यात. मग मला म्हणालात, "दुसरी बाजू धरा." खालच्या कडेपासून एकावर एक घड्या घालत वर निघालो, आणि मध्येच तुम्ही थांबलात. वाकून कापड निरखलंत आणि म्हणालात, "जुनी घडी इथं होती. त्यावरच नको, पुन्हा पुन्हा तिथंच दुमडलं की कापड मोडतं. चार बोटं पुढं घेऊ."

ते शीड पुन्हा कधी चढणार नव्हतं. हे तुम्हाला माहीत होतं, मलाही माहीत होतं. तरी आपण चार बोटं पुढं घेतली.

मला तेवढंच हवं होतं, आणि हवं आहे हे मला कळलंही नव्हतं. सगळ्यांच्या लेखी ती केव्हाच संपली होती. तुमच्या लेखी ती शेवटची घडी पडेपर्यंत होडी होती. तुम्ही मला धीराचे शब्द दिले नाहीत, 'वस्तूच तर आहे' असंही म्हणाला नाहीत. काम जसं करायचं असतं तसं केलंत, आणि ते करताना मला सोबत घेतलंत.

तेव्हापासून किनाऱ्यावर टाकून दिलेल्या होड्या नजरेला फार पडतात. बहुतेक फायबरग्लासच्या. ते रेझिन एकदा घट्ट झालं की पुन्हा वितळवता येत नाही, म्हणून त्यांना कुणी वाली नसतो. नंबर खरवडून काढायचा आणि रात्रीतून सोडून जायचं. फ्रान्समध्ये २०१९ पासून नव्या होड्यांवर थोडी रक्कम आकारून त्यातून जुन्या मोडीत काढण्याची सोय झाली आहे. सगळीकडे व्हायला हवी. पण तशा सोयीतही शेवटी कुणीतरी माणूसच त्या होडीपाशी जाऊन उभा राहणार, आणि तो तुमच्यासारखा असावा असं मला मनापासून वाटतं. चांगुलपणा म्हटलं की लोक मोठमोठ्या गोष्टी सांगतात. मला आता हातभर फाटलेलं कापड आठवतं आणि ते निरखून बघणारा तुमचा चेहरा.

खूप खूप आभार, काका. तुमचे कष्ट पैशानं फिटले असतील, हे फिटलेलं नाही, आणि फिटावं असं मला वाटतही नाही.

जाताना तुम्ही विचारलं होतंत ना, डोलकाठी कुठे लागली ते कळवा म्हणून? ती, गॅफ (शिडाची वरची काठी) आणि बूम (खालची आडवी काठी), तिन्ही एका मुलीनं नेली. ती एक जुनी मिरर दुरुस्त करतेय. तिन्ही काठ्या होडीच्या पोटातच मावतात हे पाहून तिलाही तुमच्याइतकंच कौतुक वाटलं. डोलकाठीचा पाय जरा तासावा लागला, पण बसली. व्हार्निशचे हात तुम्ही सांगितले होते तसेच पातळ पातळ देतेय. होडी पाण्यात घालायचा दिवस अजून ठरायचा आहे. तुम्हाला यायचं असेल तर सांगा, तिला मी विचारून ठेवलंय.

तुमची,
होडीवाली ताई