डिसेंबरपर्यंत थांबवून ठेवल्याबद्दल आभार

आदरणीय मिस्त्रीकाका,

सादर नमस्कार.

माझी जुनी सायकल पुन्हा चालती केल्याबद्दल तुमचे आभार मानायला मी दोनदा तुमच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात आले आणि दोन्ही वेळा तुम्ही हातातले चाक फिरवत "राहू द्या ना ताई" एवढे बोलून विषय संपवलात, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे. तुमचा नातू ते तुम्हाला मोबाइलवर वाचून दाखवणार आहे. तो वाचत असताना कोणाच्या चाकात हवा भरायला उठून जायचे नाही, एवढी विनंती आधीच करून ठेवते.

माझ्या मामेभावाने १९९४ साली अमेरिकेतून परत येताना खोक्यात घालून आणलेली जीटी कंपनीची 'काराकोरम' सायकल नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या वाड्यात, जिन्याखाली, वीस वर्षांहून अधिक काळ उभी होती. क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेल्या) पोलादाची चौकट, सव्वीस इंची चाके, पुढे तीन आणि मागे सात चकत्या, आणि त्या कंपनीची ओळख असलेला तो मागचा छोटा जादा त्रिकोण. बर्फाच्छादित पर्वतरांगेचे नाव धारण करणारी ही सायकल आमच्या सपाट, तापलेल्या नागपुरात आली आणि पुढे भाऊ पुण्याला गेल्यावर तिच्यावर छत्र्या वाळत पडू लागल्या. मागच्या वर्षी वाडा आवरताना ती मी माझ्याकडे घेतली आणि मोठ्या हौसेने शहरातल्या एका चकचकीत दुकानात नेली. तिथल्या माणसाने सीट वर-खाली होते का ते पाहिले, ती हलत नाही म्हटल्यावर "पाइप जाम आहे, गॅसने तापवून काढावा लागेल, नाहीतर कापावा लागेल, त्यापेक्षा भंगारात द्या, हिचे पार्ट आता येत नाहीत," असे सांगून तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

तुमच्याकडे मी मे महिन्यात, पारा पंचेचाळिसाच्या आसपास असताना आले. तुम्ही सीटच्या पाइपाला नुसता तळहात लावून पाहिलात आणि म्हणालात, "ताई, काहून घाई करून राहिल्या? हा आता निघत नाही. थंडीत काढू." खरे सांगायचे तर मला तेव्हा वाटले की तुम्ही काम टाळत आहात. मे महिन्यात आलेल्या माणसाला डिसेंबरात बोलावणारा कारागीर मी त्याआधी पाहिलेला नव्हता.

त्यामागचे कारण तुम्ही मला नंतर, वेगवेगळ्या फेऱ्यांत, तुकड्यातुकड्याने सांगितलेत. ते इथे एकत्र लिहिते, कारण जुन्या सायकली घेऊन बसलेल्या अनेकांना ते उपयोगी पडेल. सीटचा पाइप ॲल्युमिनियमचा आणि तो ज्या नळीत बसतो ती पोलादाची. दोन धातूंच्या मधल्या फटीत पावसाचे आणि घामाचे पाणी शिरले की ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते, ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापते आणि पाचरीसारखी घट्ट बसते. उष्णतेने ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगते, त्यामुळे असा सांधा तापवला तर आतला पाइप बाहेरच्या नळीपेक्षा जास्त वाढतो आणि पकड सुटण्याऐवजी आवळते. शिवाय रंग जळतो तो वेगळाच. थंडीत हाच हिशेब उलटा होतो. फरक अगदी थोडा, चाळीस अंशांच्या उतारात मिलिमीटरचा सुमारे शंभरावा भाग, पण तुमच्या म्हणण्याप्रमाणे तेलाला शिरायला "तेवढी गल्ली पुरते".

मधल्या सात महिन्यांत मीही काही कमी चुका केल्या नाहीत. पॅडलच्या मधला आस मोकळा करायचा म्हणून घरी दोन संध्याकाळ मी उजव्या बाजूच्या कप नावाच्या आटेदार वाटीशी झोंबत होते आणि त्याच्या खाचेची एक कड मोडून बसले. तुम्ही पाना हातात घेतलात, उलट्या दिशेने एक झटका दिलात आणि कप फिरला. उजवा कप उलट्या आट्यांचा असतो, कारण पॅडल मारताना त्याच्यावर येणारा फिरता दाब सरळ आट्यांना हळूहळू सैल करतो. डाव्या पॅडललाही याच कारणाने उलटे आटे असतात. आपल्या काळ्या सायकलीतही असेच असते, हे तुम्ही सहज सांगितलेत, आणि ज्या सायकलीवर बसून मी शाळा केली तिचा हा साधा गुण मला माहीत नव्हता याची मला थोडी लाज वाटली. मोडलेल्या कडेबद्दल तुम्ही एक शब्दही बोलला नाहीत. कानस घेऊन ती साफ केलीत.

टायरच्या बाबतीतही तसेच झाले. 'सव्वीस इंची' एवढेच वाचून मी उत्साहाने दोन टायर विकत आणले, आणि ते रिमवर बसता बसेनात, उलट गळ्यातल्या माळेसारखे सैल लोंबू लागले. सव्वीस इंची म्हणून विकल्या जाणाऱ्या टायरांची बैठक एकसारखी नसते, हे तुम्ही टायरच्या कुशीवरचा बारीक आकडा दाखवून समजावलेत: माझ्या टायरवर ३७-५९० होते आणि या रिमला ज्याच्या आकड्याच्या शेवटी ५५९ (बैठकीचा व्यास, मिलिमीटरमध्ये) आहे असे लागत होते. "हिरो रेंजरचं टायर घेऊन या, बरोब्बर बसते," असे तुम्ही म्हणालात आणि ज्या सायकलीचे पार्ट कुठेच मिळत नाहीत असे मला सांगण्यात आले होते, तिचे टायर अर्ध्या तासात मिळाले. मागच्या हबचे, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याचे, छर्रेसुद्धा तुमच्या डब्यातलेच, प्रत्येक बाजूला नऊ, पाव इंची.

गिअरचे खटके तर मी मनातून सोडूनच दिले होते. अंगठा दाबला की खटका नुसताच आत जायचा, काहीही पकडायचा नाही. तीस वर्षांपूर्वीचे ग्रीस आत मेणासारखे गोठले होते आणि आतल्या बारीक खिट्ट्या, ज्यांना तुम्ही लोक फ्रीव्हीलच्या हिशेबाने 'कुत्रे' म्हणता, त्यात रुतून बसल्या होत्या. रात्रभर रॉकेलमध्ये बुडवून, सकाळी हवा मारून, तुम्ही मशीनच्या पातळ तेलाचे चार थेंब सोडलेत. "कुत्रे झोपले होते, मेले नव्हते," हे तुमचे वाक्य मी आमच्या घरी इतक्या वेळा सांगितले आहे की आता मुलगी माझ्याआधीच ते म्हणते.

त्याच दिवशी मी तुम्हाला या सायकलींच्या जन्माची हकिकत सांगितली होती. सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरिन परगण्यातली काही मंडळी जुन्या, जाड टायरांच्या, भंगारात निघालेल्या श्विन कंपनीच्या सायकली डोंगरावर नेऊन कच्च्या वाटेने सुसाट खाली सोडत असत. उतरताना मागच्या हबमधला ब्रेक इतका तापायचा की आतले ग्रीस धूर होऊन उडून जायचे आणि दर उताराला हब नव्याने भरावा लागायचा, म्हणून त्या उताराचे नावच 'रीपॅक', म्हणजे 'पुन्हा भरणे', पडले. १९७६ पासून तिथे शर्यती होऊ लागल्या. तुम्ही शांतपणे ऐकून घेतलेत आणि विचारलेत, "म्हणजे तेबी भंगारातूनच उठले म्हणा ना?" त्या दिवसापासून या सायकलीकडे पाहण्याची तुमची नजर जरा जवळिकीची झाली, असे मला वाटते, तुम्ही ते कबूल करणार नाही.

आता डिसेंबरातल्या त्या सकाळीविषयी. तोवर चौकट उलटी टांगून, मधला आस काढलेल्या तोंडातून, तुम्ही दर आठ-पंधरा दिवसांनी थोडे थोडे तेल आत सोडत आला होता. अंगात स्वेटर घालून मी पहाटे सहाला आले, तेव्हा तुम्ही सीटच्या पाइपाचे डोके शिकंज्यात पकडून चौकट उलटी उभी केली होती आणि नातू बारीक फोडलेला बर्फ वरून, म्हणजे सायकलीच्या खालच्या तोंडातून, आतल्या पोकळ पाइपात भरत होता. पाऊण तास काहीच केले नाही. चहा झाला, दुसरा चहा झाला. मग तुम्ही चौकटच पान्यासारखी धरायला सांगितलीत, मी एका बाजूने आणि नातू दुसऱ्या, आणि एकदम जोर न लावता नुसते मागे-पुढे डुलवत राहायला बजावलेत. बराच वेळ काही झाले नाही, आणि मग जुन्या दाराची कडी करकरावी तसा एक आवाज आला. पाइप केसभर फिरला होता. पुढचा तासभर आम्ही तो केसाकेसाने फिरवत वर आणला, आणि तो बाहेर आला तेव्हा त्याच्या अंगावर खडूसारखा पांढरा थर होता. तुम्ही तो बोटाने खरवडून मला दाखवलात आणि म्हणालात, "हा होता चोर."

रंगाबद्दल मात्र आपले भांडणच झाले होते. मला चौकट घासून नवा झगझगीत रंग हवा होता आणि पावडर कोटिंगवाल्याशी मी भावही करून ठेवला होता. तुम्ही साफ नकार दिलात. गंज धरला होता तेवढीच चार ठिकाणे घासून टिपलीत, गवंड्याचा दोरा मागच्या टोकापासून हँडलच्या नळीभोवती गुंडाळून चौकट सरळ असल्याची खात्री करून घेतलीत, आणि नळ्यांच्या आत जवसाचे तेल फिरवून ती आठ-दहा दिवस पालथी ठेवलीत, म्हणजे तेल हवेने सुकून आतून पापुद्रा धरेल. मूळ रंगावर मामेभावाच्या वसतिगृहाच्या चिकटपट्टीची खूण अजून आहे. त्याला छायाचित्र पाठवले तेव्हा त्याने सगळ्यात आधी तीच ओळखली. भांडण तुम्ही जिंकलात, हे इथे जाहीरपणे मान्य करते.

ब्रेकचे रबर बसवताना त्याच्या मागच्या कडेखाली तुम्ही जुन्या लग्नपत्रिकेची घडी सरकवली होती, म्हणजे पुढची कड रिमला आधी टेकेल आणि ब्रेक किंचाळणार नाहीत. पुढचा ब्रेक गप्प आहे. मागचा सेमिनरी हिल्सवरून उतरताना अजून थोडा कुरकुरतो, पण चढावर पुढच्या सगळ्यात लहान चकतीवर साखळी टाकली की ही सायकल माझ्यासारख्या पंचेचाळीस वर्षांच्या, दम लागणाऱ्या बाईलाही न उतरता वर नेते, आणि तिथून फुटाळा तलावापर्यंत मी पॅडल मारत नाही.

बिलावर तुम्ही छर्रे, तारा, रबर आणि दोन दिवसांची मजुरी एवढेच लिहिलेत. सात महिने दुकानातली जागा अडली होती, तिचे काय, असे मी विचारले तर तुम्ही पुन्हा चाक फिरवायला लागलात. त्यावर मी आता वाद घालत नाही.

मागच्या ब्रेकची तार तुम्ही मुद्दाम बोटभर जास्त ठेवली आहे, ती एकदा ताणून घ्यायला रविवारी सकाळी येते. येताना जवसाच्या तेलाची भरलेली बाटली आणते. तुम्ही सायकलीत ओतलेले तेल काकूंच्या स्वयंपाकघरातले होते, हे नातवाने मला सांगितले आहे.

आपली नम्र,
काराकोरमवाल्या ताई
नागपूर