कोरा फलक घासून काढताना : ब्रिटनच्या न्यायमंत्र्यांना खुले पत्र

मा. न्यायमंत्री महोदय,

सविनय नमस्कार. मी लंडनमध्ये स्थायिक झालेली मराठी बाई. न्यायालयांची देखभाल आपल्या खात्याकडे, म्हणून आपल्यालाच लिहिते.

8 सप्टेंबर 2025 रोजी लंडनच्या रॉयल कोर्ट्स ऑफ जस्टिस या न्यायालयाच्या भिंतीवर बँक्सीचं, म्हणजे रस्त्यांवरच्या भिंतींवर न विचारता चित्रं काढणाऱ्या प्रसिद्ध कलाकाराचं, चित्र दिसलं. विग आणि झगा घातलेला न्यायाधीश, खाली पडलेल्या आंदोलकावर त्याने उगारलेला हातोडा. आंदोलकाच्या फलकावर एक अक्षर नाही, नुसते रक्ताचे शिंतोडे. दोनच दिवसांपूर्वी संसदेसमोरच्या पार्लमेंट स्क्वेअरमध्ये निदर्शनांत सुमारे 890 जणांना अटक झाली होती. बहुतेकांवर आरोप होता तो बंदी घातलेल्या संघटनेला पाठिंबा दाखवल्याचा. पण चित्रातला फलक कोरा आहे. तिथे उद्या आपल्या विरोधकांची मागणी लिहा नाहीतर आपल्या समर्थकांची, मार खाणारा माणूस तोच राहतो.

इंग्लंडचे न्यायाधीश हातोडा वापरत नाहीत, हे खरं. पण बँक्सीच्या स्टेन्सिलला, म्हणजे आकार कापलेल्या पुठ्ठ्याच्या साच्याला, बारकावे झेपत नाहीत. घरी पुठ्ठा कापायचा, भिंतीला धरून रंग फवारायचा, मिनिटांत निघून जायचं. आकार रस्त्यापलीकडून ओळखू आला पाहिजे. हातोडा लहान मुलालाही कळतो.

लगेच त्यावर काळं प्लास्टिक चढलं, लोखंडी कठडे आले, आणि 10 तारखेला चित्र घासून काढलं. वारसा यादीतली इमारत जपायला हवी, हे मला मान्य आहे. एवढी घाई मात्र पटत नाही. ब्रिस्टलच्या नगर परिषदेने 2006 मध्ये बँक्सीच्या चित्राबद्दल लोकांचं मत घेतलं. 97 टक्के बाजूने पडले, चित्र राहिलं. इंग्लंडमधल्याच क्लॅक्टन गावात 2014 मध्ये बँक्सीच्या दुसऱ्या चित्राबाबत उलट घडलं. राखाडी कबुतरं फलक घेऊन एका रंगीत पाखराला ‘आफ्रिकेत परत जा’ म्हणतात, असं ते चित्र. तक्रार येताच परिषदेने वर्णद्वेषी समजून ते काढलं. मीही बाहेरून आलेली. जे चित्र माझी बाजू मांडत होतं, ते माझ्यासारख्यांना दुखवेल म्हणून पुसलं गेलं!

लंडनच्या भिंतीवर घासल्यानंतरही काळसर सावली उरली होती. यापुढे न्यायालयाच्या भिंतीवर असं काही उमटलं तर निदान 30 दिवस त्याला हात लावू नका. लोकांना विचारा, निर्णय कारणांसह जाहीर करा. आणि काढायचंच ठरलं, तर आधी त्याचं छायाचित्र न्यायालयाच्या दप्तरात जपून ठेवा.

आपली,
लंडनची एक मराठी रहिवासी