प्रशिक्षक गेले, करार उरले

महोदय,

एखाद्या मोठ्या फुटबॉल क्लबची घसरण सुरू झाली की दोष प्रशिक्षकाचा की खेळाडूंचा, हा वाद हटकून रंगतो, आणि क्रीडा पानांवर तो अधूनमधून वाचायलाही मिळतो. मँचेस्टर युनायटेड २०२४-२५ च्या हंगामात प्रीमियर लीग या इंग्लंडच्या सर्वोच्च साखळी स्पर्धेत अवघ्या ४२ गुणांसह पंधराव्या स्थानी राहिला, तेव्हापासून तर त्याला अधिकच धार चढली आहे. या क्लबवर अनेक वर्षे जीव लावलेला वाचक म्हणून मला या वादात एक गफलत सातत्याने जाणवते, ती मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. एका हंगामातील पडझड आणि दशकभराचा ऱ्हास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत; आपण मात्र पहिलीची कारणे सर्रास दुसरीला लावतो.

एका हंगामाच्या पडझडीत खेळाडूंना नामानिराळे राहता येत नाही. चेल्सीने २०१४-१५ चे विजेतेपद आठ गुणांच्या फरकाने जिंकले, आणि जवळजवळ तोच संघ पुढच्या डिसेंबरमध्ये गुणतालिकेत सोळावा होता. प्रशिक्षक जोझे मोरिन्यो यांना जावे लागले. लेस्टर सिटीला २०१६ मध्ये कोणाच्या स्वप्नातही नसलेले विजेतेपद मिळवून देणाऱ्या क्लॉडिओ रानिएरी यांना फेब्रुवारी २०१७ मध्ये पदावरून दूर केले गेले, आणि त्यानंतरच्या पहिल्याच सामन्यात त्याच खेळाडूंनी लिव्हरपूलला ३-१ असे हरवले. चार दिवसांत कोणाचे कौशल्य वाढत नाही. वाढते ती धावण्याची तयारी, आणि ती आधी का नव्हती याचे उत्तर खेळाडूंनीच द्यायला हवे. अर्थात लेस्टरने मधल्या उन्हाळ्यात एन्गोलो कांतेला चेल्सीला विकले होते आणि तिथे तो लगेच पुन्हा विजेता ठरला, हेही विसरून चालणार नाही.

युनायटेडची गोष्ट निराळी आहे. सर अ‍ॅलेक्स फर्ग्युसन मे २०१३ मध्ये निवृत्त झाले तेव्हा क्लबच्या नावावर २० लीग विजेतेपदे होती आणि त्यांतली १३ त्यांच्या कारकिर्दीतली होती. त्यानंतर २०२४ अखेरपर्यंत डेव्हिड मॉयेस, लुई व्हॅन गाल, मोरिन्यो, ओले गुन्नार सोल्शायर, एरिक टेन हाग आणि रुबेन अमोरिम असे सहा कायम प्रशिक्षक आले. यांतल्या व्हॅन गाल आणि मोरिन्यो यांनी तर एकाहून अधिक देशांत लीग जिंकून दाखवली होती. हे सगळे अपात्र होते, असे म्हणणे मला जड जाते. खेळाडूच कुचकामी होते म्हणावे, तर तेही टिकत नाही. क्लबच्याच अकादमीत घडलेल्या स्कॉट मॅक्टोमिनेला ऑगस्ट २०२४ मध्ये नापोलीला विकले गेले. त्याच हंगामात नापोली इटलीचा विजेता झाला आणि मॅक्टोमिने तिथल्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. जवळपास सव्वाआठ कोटी पौंड मोजून आणलेला आणि ओल्ड ट्रॅफर्ड या युनायटेडच्या मैदानावर निष्प्रभ ठरलेला अँटनी जानेवारी २०२५ मध्ये उसनवारीवर रेआल बेटिस या स्पॅनिश क्लबमध्ये गेला आणि काही महिन्यांत त्या संघासह कॉन्फरन्स लीग या युरोपीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पोहोचला.

मग बिघडले कुठे? माझ्या मते उत्तर करारांच्या हिशेबात आहे. प्रशिक्षकाला कोणत्याही दिवशी काढता येते. खेळाडू विकण्याची मुभा मात्र उन्हाळ्यात आणि जानेवारीतच असते. समजा, आठ कोटी पौंडांना घेतलेल्या खेळाडूचा करार पाच वर्षांचा आहे. ताळेबंदात ती रक्कम दरवर्षी एक कोटी साठ लाख अशी विभागली जाते. दोन वर्षांनी त्याला निम्म्या किमतीत, म्हणजे चार कोटींना विकायचे म्हटले, तर पुस्तकी किंमत अजून चार कोटी ऐंशी लाख असल्याने ऐंशी लाखांचा तोटा दाखवावा लागतो, आणि त्याचा भरभक्कम पगार उचलायला दुसरा क्लब तयार होत नाही ते वेगळेच. म्हणून ज्याने मागितला तो प्रशिक्षक जातो, खेळाडू राहतो. व्हॅन गाल यांना चेंडूवर ताबा ठेवणारा संघ हवा होता, मोरिन्यो यांना भक्कम बचाव, सोल्शायर यांना वेगवान प्रतिहल्ला. टेन हाग यांनी आयाक्स या आधीच्या डच क्लबमध्ये स्वतः हाताळलेले खेळाडू आणले. नोव्हेंबर २०२४ मध्ये अमोरिम तीन बचावपटूंची रचना घेऊन आले, तेव्हा हाती आलेला संघ चार बचावपटूंसाठी जमवलेला होता आणि त्यातल्या विंगर्सना, म्हणजे कडेने चढाई करणाऱ्या खेळाडूंना, या रचनेत धड जागाच नव्हती. अशा संघाला आळशी म्हणायचे की प्रशिक्षकाला हट्टी, यावर कितीही वाद घालता येईल. तो संघ तसा जमवला कोणी, हा प्रश्न त्यात हरवतो.

फर्ग्युसन यांच्यासोबतच मुख्य कार्यकारी डेव्हिड गिलही गेले आणि खरेदीची सूत्रे एड वुडवर्ड या बँकिंग क्षेत्रातून आलेल्या अधिकाऱ्याकडे आली. २०१८ च्या उन्हाळ्यात मोरिन्यो मध्यबचावपटूसाठी अडून बसले होते. तो त्यांना मिळाला नाही, आणि ते गेल्यावर २०१९ मध्ये हॅरी मॅग्वायरवर आठ कोटी पौंड खर्च झाले. २०२४ मध्ये टेन हाग यांचा करार जुलैत वाढवला आणि ऑक्टोबरमध्ये त्यांनाच काढले. त्याच जुलैत रुजू झालेले क्रीडा संचालक डॅन अ‍ॅशवर्थ डिसेंबरमध्ये बाहेर पडले. हे निर्णय मैदानावरचे नव्हते.

फर्ग्युसन यांनाही युनायटेडमधील पहिल्या करंडकासाठी १९९० पर्यंत थांबावे लागले, तेव्हा नव्या प्रशिक्षकांनाही वेळ द्या, असा युक्तिवाद नेहमी होतो. मला तो अर्धवट वाटतो, कारण वेळ न मिळताही यश आल्याचे उदाहरण ताजे आहे. लिव्हरपूलमध्ये युर्गन क्लॉप मे २०२४ मध्ये गेले, आर्ने स्लॉट आले, त्या उन्हाळ्यात संघात फेडेरिको किएझा या एकाच नव्या खेळाडूची भर पडली, आणि पहिल्याच हंगामात स्लॉट यांनी लीग जिंकली. नवा प्रशिक्षक हाती असलेल्या खेळाडूंना साजेसा निवडला होता. त्या विजेतेपदाने लिव्हरपूलने युनायटेडच्या २० विजेतेपदांशी बरोबरी केली, आणि ती नेमकी युनायटेड पंधरावा राहिला त्याच हंगामात. मला ही गोष्ट फार लागली.

चेंडू गमावल्यावर मागे न धावणाऱ्या खेळाडूवर टीका जरूर व्हावी, चुकीची रचना रेटणाऱ्या प्रशिक्षकावरही व्हावी. माझी विनंती एवढीच आहे की, पुढच्या वेळी प्रशिक्षकाच्या गच्छंतीची बातमी छापताना आपल्या क्रीडा विभागाने शेजारी एक छोटी चौकट द्यावी: संघातला कोणता खेळाडू कोणत्या प्रशिक्षकाच्या काळात आला, त्याचा करार कधी संपतो आणि त्या खरेदीवर सही करणारा अधिकारी आज कुठे आहे.

आपला,
एक फुटबॉलप्रेमी वाचक