देणगीदारांनी स्वतःचाही हिशेब मांडावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

देणगी मागायला आलेल्या संस्थेला मोठे देणगीदार बहुधा पहिला प्रश्न विचारतात तो प्रशासकीय खर्च किती टक्के, हा. दिलेला पैसा पगार आणि कार्यालयभाडे यांतच जिरू नये, ही अपेक्षा रास्त आहे. परंतु टक्केवारी कमी म्हणजे काम चांगले, असे त्यातून मुळीच सिद्ध होत नाही. जी संस्था आपल्या कामाच्या नोंदी ठेवायला माणूसच नेमत नाही, तिचा हा खर्च कमीच दिसणार. पुढे तोच देणगीदार तिच्याकडे परिणामांचा पुरावा मागतो, याला काय म्हणावे!

संस्थेच्या हिशेबनिसाच्या टेबलावर या पद्धतीचे फळ दिसते. चार देणगीदार म्हणजे चार तऱ्हेचे अर्ज, चार नमुन्यांतले अहवाल आणि चार निरनिराळ्या मुदती. एकाचे आर्थिक वर्ष जानेवारीत सुरू होते, दुसऱ्याचे एप्रिलमध्ये. एकाच कार्यकर्त्याचा पगार तीन प्रकल्पांत विभागून दाखवावा लागतो आणि त्यांतला एक प्रकल्प संपला की अनुभवी माणूस संस्था सोडून जातो. देणगीदारांनी आपसांत ठरवून एकच अर्ज आणि एकच वार्षिक अहवाल मान्य केला, तर पदरचा एक पैसाही जास्त न घालता संस्थेचा बराच वेळ मूळ कामासाठी मोकळा होईल.

याहून महत्त्वाचा मुद्दा मुदतीचा आणि अटींचा आहे. फोर्ड फाउंडेशन या अमेरिकी देणगीदार संस्थेने ‘बिल्ड’ या उपक्रमात निवडक संस्थांना पाच वर्षांसाठी, विशिष्ट प्रकल्पाशी न बांधलेला निधी देऊ केला. अमेरिकेतील धनाढ्य देणगीदार मॅकेन्झी स्कॉट यांनी 2020 या एकाच वर्षात पाच अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम बहुतांशी विनाअट वाटली. अशाने उत्तरदायित्व उरत नाही, असा आक्षेप घेतला जातो. माझ्या मते कसून चौकशी करायची ती निवड करताना. एकदा निवडलेल्या संस्थेच्या प्रत्येक पावतीवर पहारा ठेवल्याने तिची गुणवत्ता वाढत नाही. अर्थात मलेरिया रोखण्यासाठी कीटकनाशकयुक्त मच्छरदाण्या वाटण्यासारखे, चाचण्यांतून सिद्ध झालेले काम असेल, तर ठरावीक कामापुरताच पैसा देऊन दर मच्छरदाणीमागील खर्च तपासणे योग्यच ठरेल.

अपयशाबाबत मात्र देणगीदार फारच संकोची असतात. आफ्रिकेतील गावांत मुलांच्या फिरत्या चक्राच्या जोरावर पाणी उपसणारा ‘प्लेपंप’ बसवण्यासाठी 2006 मध्ये अमेरिकी सरकार आणि केस फाउंडेशन ही तिथलीच खासगी देणगीदार संस्था यांनी मोठा निधी जाहीर केला. कल्पना छायाचित्रांत फार गोजिरी दिसे. प्रत्यक्षात पुरेसे पाणी निघण्याइतका वेळ मुले खेळत नसत, त्यामुळे अनेक ठिकाणी बायांनाच ते जड चाक फिरवावे लागे; शिवाय बिघाड झाला की दुरुस्ती रखडे. केस फाउंडेशनने 2010 मध्ये हा फसलेला प्रयत्न जाहीरपणे मान्य केला, आणि त्यामुळे इतरांना निदान तो खर्च पुन्हा करण्याआधी विचार करता आला. असे निवेदन आजही अपवादानेच वाचायला मिळते.

संस्थांकडून दर तिमाहीला अहवाल घेणाऱ्या प्रत्येक मोठ्या देणगीदाराने स्वतःच्या वार्षिक अहवालात मध्येच बंद केलेल्या प्रकल्पांची यादी, त्यांवर झालेला खर्च आणि बंद करण्याची कारणे द्यावीत. त्याच्या निधीवर काम केलेल्या संस्थांचे त्याच्याविषयीचे मतही, नावे गुप्त ठेवून, त्याच अहवालात छापावे.

आपला,
एक वाचक